ओ देणारी गाठ

"गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता चौऱ्याण्णव टक्के," आरसा म्हणाला.

आरसा म्हणजे तालुक्याच्या हॉस्पिटलातलं स्कॅनचं मशीन. सरकारी पाटीवर त्याचं नाव दीड ओळीचं होतं, पण आख्ख्या माणदेशात ते कुणी घेत नसे. माणूस आडवा घालायचा, मशीन त्याच्या अंगावरून एकदा जायचं, एकदा यायचं, आणि भिंतीतून एका बाईचा गोड आवाज निघायचा. बातमी बरी असो की वाईट, साखर तेवढीच.

टेबलावर पडलेल्या म्हाळाप्पा पुकळेनं डोळे मिटून घेतले. महिनाभरात त्याचे डोळे हळदीच्या पाण्यासारखे पिवळे झाले होते, अंग खाजवून खाजवून सोललं होतं. गावातल्या म्हाताऱ्यानं कावीळ उतरवायची माळ डोक्यावर ठेवली होती. माळ गुडघ्यापर्यंत उतरली. कावीळ होती तिथंच.

त्याची पोरगी बानू भिंतीकडं वळली. वय सतरा, अंगानं काटकुळी, आणि नाकाच्या शेंड्यावर कायम राग.

"आनि उरलेले सहा?"

"आपला प्रश्न समजला नाही," आरसा म्हणाला.

"शंभरातनं चौऱ्याण्णव गेले. सहा ऱ्हायले. ते कशाचे?"

"उरलेली शक्यता, इतर."

"इतर म्हंजी काय?"

"इतर म्हणजे वरील प्रकारात न मोडणारे."

"ह्ये तर आमच्या शाळंतल्या पडद्यागत बोलतंय," बानू म्हणाली.

दहावीत असताना वर्गातल्या शिकवणाऱ्या पडद्यानं तिच्या एका प्रश्नाला 'अभ्यासक्रमाबाहेर' असं उत्तर दिलं होतं, आणि तिनं त्याला कंपासपेटी फेकून मारली होती. त्यानंतर शाळेला ती नको होती आणि तिला शाळा.

दारात उभ्या असलेल्या डॉक्टर सुमैया मुल्लाणींना हसू आलं, ते त्यांनी लगेच गिळलं. तालुक्याच्या हॉस्पिटलात पोटाचं सगळं त्याच बघायच्या. त्यांनी पडद्यावर चित्र मोठं केलं.

"ही लिव्हरमधून येणारी पित्ताची नळी. तिच्याभोवती हे पांढरं दिसतंय ना, ती गाठ. तिनं नळी आवळलीय. पित्त तुंबलं, म्हणून कावीळ."

"तुकडा काडून बगा की."

"सुई तिथं पोचत नाही. दुर्बीण घालून नळीतून ब्रश फिरवला, त्यात काही मिळालं नाही. पण मिळालं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं बानू. सोमवारी सांगलीला ऑपरेशन करायचंय. नळी आणि निम्मं लिव्हर काढावं लागेल."

"त्यातनं मानूस उटतो?"

"बरेच उठतात."

बानूनं ते 'बरेच' ऐकलं आणि दात आवळले.

"दुखत असतं तर मी जरा वेगळा विचार केला असता," मॅडम म्हणाल्या. "न दुखता कावीळ आली की आम्हा लोकांना कर्करोगाचाच संशय येतो. म्हाळाप्पा, परत विचारते. पोटात दुखतं कधी?"

"न्हाई मॅडम. बिरोबाची आन."

हे बोलताना म्हाळाप्पा छताकडं बघत होता. बानूला ते खटकलं. तिचा बाप खोटं कधी बोलत नसे, म्हणून त्याला ते नीट जमतही नसे.

*

परतताना टेम्पोत तिघं होते. पुढं बानू, मागं म्हाळाप्पा आणि त्याचा धाकटा भाऊ सिदू. टेम्पो आपला आपण चालायचा. रस्त्यावरचे खड्डे मात्र त्याच्या नकाशात नव्हते. नकाशा करणाऱ्यांनी रस्ता नवा असताना फोटो काढले होते, आणि त्यानंतर इकडं कोण फिरकतंय.

सिदूकाकाचा डावा हात कोपराच्या खाली नव्हता. ऊसतोडणीच्या मशीननं नेला होता. आता तिथं सरकारी हात बसवला होता, राखाडी रंगाचा. तो झांज धरायचा, तंबाखू मळायचा आणि कधी कधी मालकाला न विचारताच मूठ आवळायचा.

ओढ्याजवळ टेम्पो सरळ खड्ड्यात गेला.

बानूचं लक्ष आरशात होतं, टेम्पोच्या आरशात. तिनं बघितलं ते एवढंच. दणका बसला तसं सिदूकाकानं "स्स" करून हाताचं थोटूक दाबलं, आणि त्याच क्षणी, अगदी तस्संच, "स्स" करून तिच्या बापानं उजव्या बरगडीखाली हात दाबला.

दोन भाऊ, एक खड्डा, एकच आवाज.

तिनं टेम्पो थांबवला.

"काका, तुमच्या थोटकात काय हाय?"

"काय आसनार? गाठ हाय नशीची. मागंच सांगितलंय की मॅडमनी. हात गेला, पर नशीला कोन सांगनार? ती येडी वाडतच ऱ्हाती. फुडं हात घावत न्हाई, मग तितंच गुंडाळत बसती सवताभवती. त्याची हुती गाठ. धक्का लागला का करंट बसतो."

"कुटवर?"

"नसलेल्या बोटापतूर." सिदू हसला. "हात न्हाई, पर करंगळी दुकती. कुनाला सांगावं?"

बानू बापाकडं वळली. "आबा, तुमाला कुटवर बसतो?"

"काय?"

"करंट."

"मला कशाचा करंट? गप गाडी हाक."

"गाडी आपली आपन चालती. तुमी सांगा."

"बाने, थोबाड फोडीन."

म्हणजे बसत होता. बानू पुढं वळली, आणि तिच्या डोक्यात काहीतरी भराभरा जुळायला लागलं. पाच-सहा वर्षांमागं आबाचं पित्ताशय काढलं होतं, खड्यांपायी. तीन भोकं पाडून, मशीनच्या हातांनी. तिथंही कुठली तरी नस तुटलीच असणार. तिलाही कुणी सांगितलं नसणार.

पण आबा कबूल करणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. म्हाळाप्पा पुकळे धुळवाडीच्या गजाचा म्होरक्या होता. धनगरांचा गज म्हणजे मधे ढोल आणि भोवती रिंगण धरून नाचणारी माणसं. ढोल गळ्यात अडकवायचा, त्याचं खोड पोटावर टेकवायचं, आणि टिपरू हाणलं की घुमारा छातीपासून बेंबीपर्यंत फिरायचा. धुळवाडीत एक रीत होती. गज चालू असताना ज्यानं ढोल खाली ठेवला, त्याचा मान गेला. मग पुढचा म्होरक्या दुसरा. बानूच्या पणज्यानं पायात बाभळीचा काटा मोडलेला असताना गज पुरा केला होता, ही गोष्ट गावात अजून काल घडल्यासारखी सांगायचे. अशा घरातला माणूस दुखतं असं म्हणेल कसा? बायकोला नाही, भावाला नाही, आणि डॉक्टरला तर मुळीच नाही. आणि बिरोबाची जत्रा पंधरवड्यावर आलेली.

गेल्या दोन जत्रांत आबाचा एक ठोका मधूनच हलका पडतो, हे बानूनं कधीच हेरलं होतं. तिला वाटलं होतं, वय झालं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुल्लाणी मॅडमच्या टेबलासमोर उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

"आबा खोटं बोलत्यात. त्यास्नी दुकतंय."

मॅडमनी आधी नेहमीच्या सवयीनं मान हलवली. घरच्या माणसांना काहीतरी आशा हवीच असते, तशी मान. मग बानूनं टेम्पो, खड्डा, सिदूकाकाचं थोटूक, सगळं एका दमात सांगितलं. मॅडमचा पेन हळूहळू थांबला.

"पित्ताशय कधी काढलं म्हणालीस? तेव्हा जेल सोडलं होतं का आत?"

"ती जाहिरात हुती ना, 'टाके विसरा'? त्येच."

मॅडम उठल्या. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. त्यांना एका जागी राहवेना, आणि ते बघून बानूलाही राहवेना.

"बघ," त्या म्हणाल्या, "पित्ताच्या नळीवर नसा असतात, दारावर वेल चढवावा तशा. पित्ताशय काढताना त्यातल्या काही तुटतात. पूर्वी तुटल्या की बऱ्याचशा मरून जायच्या. फार क्वचित गाठ व्हायची, सिदूच्या हातात झालीय तशी. मग हे जेल आलं. तुटलेली नस लवकर वाढावी, जखमेपाशी बधिरपणा राहू नये, म्हणून. लोक दुसऱ्या दिवशी कामाला लागले. सगळीकडं वापरलं आम्ही. मीसुद्धा."

"आनि नस वाडली."

"वाढली. पण पुढं पित्ताशयच नाही. जाणार कुठं?"

"मग आरशाला कसं कळंना?"

"आरसा शिकला जुन्या फोटोंवर. जेल येण्याआधीच्या. तेव्हा या जागेवर पांढरी गाठ म्हणजे जवळजवळ नेहमी कर्करोगच असायचा. ही गाठ त्याला कुणी कधी दाखवलीच नाही."

"टेम्पोला खड्डे दाखवले न्हाईत तसं."

मॅडम पुन्हा खाली बसल्या. "पण हा सगळा अंदाज आहे, बानू. अंदाजावर सांगलीचे लोक सुरी थांबवणार नाहीत. आणि चुकीचा अंदाज करून मी ऑपरेशन लांबवलं आणि खरंच कर्करोग निघाला, तर तुझा बाप माझ्या हातानं जाईल."

"मग गाठीलाच इचारा की."

बानू रागानं बोलली होती. पण मॅडमनी तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं कपाटाची किल्लीच टेबलावर ठेवली.

हॉस्पिटलात एक पट्टा होता. ज्यांचा हात किंवा पाय गेला त्यांना नवा बसवताना तो वापरायचे. नसेतून निरोप जातो तो विजेचा. वीज वाहिली की तिच्याभोवती इवलंसं चुंबकत्व तयार होतं, इतकं बारीक की होकायंत्राला त्याचा पत्ताही लागू नये. पट्ट्यात काचेचे दाणे होते, त्यात वाफ कोंडलेली, आणि त्या वाफेतल्या अणूंना तेवढंही कळायचं. सिदूकाकानं नसलेली करंगळी हलवायचं मनात आणलं की पडद्यावर रेष उडायची. म्हणूनच त्याला तंबाखू मळता येत होता.

"कर्करोगाची गाठ मुकी असते," मॅडम म्हणाल्या. "नसेची गाठ धक्का लागला की बोलते. पट्टा पाठीला बांधू आणि पुढून धक्का देऊ. पण बोटानं ठोकून तिथवर पोचणार नाही, ती पार लिव्हरच्या पायथ्याशी आहे. पोटाला आतपर्यंत हादरा देईल असं काहीतरी पाहिजे. पुण्याहून तसलं मशीन मागवायचं तर पंधरा दिवस..."

बानू हसायला लागली.

"मॅडम, ते आमच्या घरात खुंटीला टांगलंय."

*

म्हाळाप्पा यायला तयार नव्हता. "तुमचं इंजेक्शन सांगा, घेतो. हॉस्पिटलात ढोल कशापायी?" मॅडमनी त्याला फोनवर इतकंच सांगितलं की ऑपरेशनआधीची तपासणी आहे. पण टेम्पोत ढोल चढताना गावानं बघितला, आणि म्हाळाप्पाचा ढोल जाईल तिथं गज गेलाच पाहिजे. कृत्रिम हात-पाय बसवायच्या खोलीत बघता बघता दहा-बारा पटके जमा झाले. त्यात सगळ्यात म्हातारा धुळाप्पा आज्जा, रीतीभातीचा शेवटचा शब्द त्याचा. त्यानं भिंतीला लागून खुर्ची पकडली आणि काठी मांडीवर घेतली.

आधी पट्टा सिदूकाकाच्या पाठीला बांधला. नुसत्या ढोलाच्या हादऱ्यानंच रेष उडते का, ते बघायला. म्हाळाप्पानं भावाच्या पोटावर ढोल टेकवून चार ठोके हाणले. खिडकीच्या काचा थरथरल्या, रेष सरळ राहिली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता तुम्ही."

म्हाळाप्पानं ढोल गळ्यात घातला. पट्टा पाठीला. टिपरू उचललं, आणि खोलीत गज सुरू झाला. धिम्या चालीनं, मग जरा चढत. औषधाच्या ट्रेमधल्या कात्र्या किणकिणायला लागल्या. म्हातारे नकळत माना डोलवायला लागले. बानू पडद्याला नाक लावून उभी होती.

रेष सरळ.

ठोक्यामागून ठोका, रेष सरळ. सांडशीनं ओढून ताणल्यासारखी. मॅडमनी पट्टा वर सरकवला, खाली सरकवला. काही नाही. त्यांचा चेहरा मावळत गेला.

"मुकीच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "बानू, आपण प्रयत्न..."

बानू पडद्याकडं बघतच नव्हती. ती बापाच्या डाव्या गुडघ्याकडं बघत होती. जाड आवाजाच्या बाजूनं ठोका पडायच्या आत, केसभर आधी, तो गुडघा उचलला जात होता. ढोलाचं खोड गुडघ्यावर तोललं जात होतं, पोटापासून दोन बोटं सुटत होतं, आणि ठोका विरला की परत पोटावर टेकत होतं. इतकं सफाईनं की धुळाप्पा आज्जालाही कळलं नव्हतं. दोन वर्षं हा माणूस असा वाजवत होता.

तिचं टाळकं सरकलं.

"थांबा," ती म्हणाली. पुढं झाली, बापाच्या हातातलं टिपरू हिसकावलं, डाव्या हातानं ढोल त्याच्या पोटावर गच्च दाबून धरला आणि सगळा जोर लावून जाड बाजूला हाणलं.

म्हाळाप्पाच्या तोंडून आवाज निघाला तो बानूनं आयुष्यात कधी ऐकला नव्हता. आणि पडद्यावरची रेष उसळली. उसळली म्हणजे पडद्याच्या बाहेर गेली. ठोका विरला तरी ती थरथरत होती, शंभर ठिकाणांहून एकदम कुणीतरी ओ देत असल्यासारखी.

बानूनं परत हाणलं. परत उसळली.

"खांद्यात," म्हाळाप्पा धापा टाकत म्हणाला, "खांद्यापतूर जातोय. बास. बास कर, पोरी." आणि त्यानं गळ्यातला ढोल काढून जमिनीवर ठेवला.

सगळ्या पटक्यांच्या नजरा त्या ढोलावर गेल्या.

मॅडम पडद्याला चिकटल्या होत्या. "गाठीच्या आतून येतंय," त्या पुटपुटत होत्या, "अगदी आतून." त्यांना कळलंच नव्हतं की मागं वेगळंच काहीतरी घडलंय. धुळाप्पा आज्जा काठीवर भार देऊन उठला. त्यानं जमिनीवरच्या ढोलाकडं बघितलं, म्हाळाप्पाकडं बघितलं, आणि बाहेर गेला. त्याच्यामागं एकेक करून सगळे पटके गेले.

"माजा मान घालवलास," म्हाळाप्पा म्हणाला.

"मान गेला. लिव्हर ऱ्हायलं."

"तुला कुनी सांगितलं ऱ्हायलं म्हनून? त्या मॅडमला इचार."

मॅडम वळल्या. त्यांनी लगेच हो म्हणावं म्हणून बानूचा जीव कासावीस झाला. त्यांनी म्हटलं नाही.

"कर्करोगही कधी कधी नसेला विळखा घालतो. तेव्हा तीही ओरडते. इतक्या ठिकाणांहून, इतकी एकदम, असं मी तरी बघितलं नाही. पण पुरावा तुकड्यातच. मी सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलते. लिव्हरला हात लावायच्या आधी गाठीचा कपटा काढा, तिथल्या तिथं सूक्ष्मदर्शकाखाली बघा, आणि मग ठरवा. एवढं त्यांनी मानलं तरी पुष्कळ."

मोठे डॉक्टर सहजी मानले नाहीत. मॅडमनी त्यांना ढोलाची रेष पाठवली, तर त्यांनी विचारलं, हा विनोद आहे का. मॅडमनी दुसऱ्यांदा फोन केला, तिसऱ्यांदा केला. चौथ्यांदा मोठ्या डॉक्टरांनीच केला आणि विचारलं, ढोल सिदूच्या पोटावर वाजवला तेव्हाची रेष आहे का? ती बघितल्यावर ते म्हणाले, ठीक, आधी कपटा.

तोवर म्हाळाप्पा बानूशी बोलणं टाकून बसला होता. पाणी हवं असलं तरी सिदूला सांगायचा, "तिला म्हनावं पानी दे." बानूही काही कमी नव्हती. "त्यास्नी म्हनावं, तोंड हाय का तुमाला?"

*

सोमवारी दुपारी सांगलीच्या हॉस्पिटलात बानू जिन्याच्या पायऱ्या चढत होती आणि उतरत होती. सिदूकाकाचा सरकारी हात आपला आपण मुठी आवळत होता. आत किती वेळ लागतो यावरून ओळखायचं, असं मॅडमनी सांगून ठेवलं होतं. लवकर बाहेर आले तर चांगलं. लिव्हर कापायला घेतलं तर संध्याकाळ.

ऊन अजून खिडकीत होतं तेव्हाच दार उघडलं. मुल्लाणी मॅडम बाहेर आल्या, डोक्याला टोपी, तोंडावरचं फडकं खाली ओढलेलं. त्यांनी फोन बानूपुढं धरला.

सूक्ष्मदर्शकातलं चित्र होतं. गुलाबी धागेच धागे, एकमेकांत गुरफटलेले, ना आगा ना पिछा.

"ही तर लोकर हाय," बानू म्हणाली. "न पिंजल्याली."

"नसा आहेत. नुसत्या नसा. कर्करोगाची एक पेशी नाही." मॅडमनी डोक्यावरची टोपी ओढून काढली. "गाठ सोलून काढली. नसेचं टोक स्नायूत पुरून टाकलं, म्हणजे परत हिंडायला नको. लिव्हरला हातसुद्धा लावला नाही."

बानूनं सिदूकाकाला मिठी मारली. सरकारी हातानं तिला असं आवळलं की दोघांनी मिळून तो सोडवावा लागला.

म्हाळाप्पा शुद्धीवर आला तेव्हा ती खाटेशेजारी होती. त्यानं तिच्याकडं मान वळवली. मग म्हणाला, "ठोका आडवा हाणलास. मनगटातनं हाणायचा असतो."

एवढ्यावर अबोला संपला.

पण मॅडम त्या दिवशी हसल्या त्या परत लवकर हसल्या नाहीत. आरशानं आजवर कुणाकुणाला कर्करोग सांगितला आणि त्यातल्या कितीजणांच्या पोटात जेल होतं, ते त्या शोधायला बसल्या. काहीजण ऑपरेशनच्या वाटेवर होते. काहीजणांचं झालेलं होतं. काढून टाकलेल्या तुकड्यांत कर्करोग सापडला नाही, असे कागद निरनिराळ्या हॉस्पिटलांत एकेकटे पडून होते, आणि प्रत्येकाला वाटलं होतं, आपलीच एखादी अपवादाची केस. अर्धं लिव्हर गमावून बसलेल्या एका माणसाला मॅडमनी स्वतः फोन केला. काय बोलल्या ते त्यांनी बानूला सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाल्या, "वाटेवरचे गाठू. चल, ढोल काढ."

*

जत्रेत गजाचा म्होरक्या सिदू झाला. राखाडी हातात टिपरू, आणि हातानं एकदाही आगाऊपणा केला नाही. म्हाळाप्पा रिंगणाबाहेर उभा होता, पोटाला पट्टी. कुणीतरी मागून टोमणा मारलाच, "काय म्हाळाप्पा, ढोल जड झाला व्हय?"

म्हाळाप्पा वळला. "दुकत हुतं," तो मोठ्यानं म्हणाला. "दोन वरीस दुकत हुतं. म्हनून ठिवला."

ढोल चालू होता तरी आजूबाजूच्या सगळ्यांनी ते ऐकलं. धुळाप्पा आज्जानंही ऐकलं. आणि दुपारी, भंडारा उधळून झाल्यावर, आज्जा हळूच म्हाळाप्पाला पिंपळामागं घेऊन गेला. इकडंतिकडं बघून त्यानं धोतराची गाठ सैल केली आणि जांघेतला नारळाएवढा अंतर्गळ दाखवला. पंधरा वर्षांचा. त्या आठवड्यात तालुक्याच्या हॉस्पिटलात धुळवाडीचे सात पटके रांगेत बसले होते. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता की मी आपला सोबतीला आलोय.

*

पावसाळा सरता सरता आरशाला नवे फोटो शिकवून झाले. ढोल आता आरशाच्याच खोलीत असतो, आणि बानू आणि म्हाळाप्पा तपासणीला रोज तिथं येतात. पुण्याहून हादरा देणारं मशीनही आलं, चकचकीत. पण त्याचा धक्का कातड्यातच विरतो. ते आता कोपऱ्यात असतं आणि म्हाळाप्पा त्याच्यावर पटका वाळत घालतो.

सगळ्याच गाठी ओ देत नाहीत. मागच्या आठवड्यात विट्याच्या एका माणसाच्या पोटावर बानूनं चारदा, पाचदा हाणलं. गुडघा नाही, लपवाछपवी नाही. रेष सरळ. तो माणूस उठून शर्टाची बटणं लावत तिलाच म्हणाला, "ऱ्हाऊ दे पोरी, तुजा हात दुकंल." त्या दिवशी ती टेम्पोत बसून राहिली, घरी जा म्हटलं तरी गेली नाही.

आज टेबलावर इस्लामपूरच्या देशमानेबाई होत्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. डोळे पिवळे, पण अंबाडा ताठ आणि पाठ त्याहून ताठ.

"गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता सत्तर टक्के," आरसा म्हणाला. "नसेची असण्याची शक्यता तीस टक्के. ढोल तपासणी करावी."

देशमानेबाईंनी ढोल घेऊन आलेल्या बानूकडं आपादमस्तक बघितलं. "शिक्षण काय तुझं?"

"नववी पास. धावीत कंपासपेटी फेकून मारली."

"कुणाला?"

"ते ऱ्हाऊ द्या बाई. दुकतं का पोटात?"

"मुळीच नाही," बाई छताकडं बघत म्हणाल्या.

म्हाळाप्पा कोपऱ्यातून खाकरला. ते छताकडं बघणं त्यानं ओळखलं होतं.

बानूनं बाईंना उभं केलं, पट्टा बांधला, ढोल त्यांच्या गळ्यात अडकवून पोटाला नीट टेकवला. बाईंची बोटं पदरात आवळली गेली. खोलीत मॅडम होत्या, सिदूकाका होता, बाईंचा मुलगा दारात उभा होता. सगळे रेषेकडं बघत होते. बानू बाईंच्या ओठांकडं बघत होती. ओठ गच्च मिटलेले. आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवलेली बाई आता स्वतःला गप्प बसवत होती.

"बाई," बानू हळू म्हणाली, "आमच्या गावात एक रीत हुती. सोसंल त्याला मान. हितं उलटं हाय. हितं वराडंल त्याला मान."

"हाण तू," देशमानेबाई दातओठ खाऊन म्हणाल्या.

बानूनं हाणलं. मनगटातून.

रेष पडद्याबाहेर गेली, आणि त्याच क्षणी इस्लामपूरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी ढोल, बानू आणि बानूच्या सात पिढ्या यांना उद्देशून अशी एक सणसणीत शिवी हासडली की दारातला त्यांचा मुलगा दोन पावलं मागं सरला. म्हाळाप्पानं कोपऱ्यात मांडीवर थाप मारली. मॅडमनी डोळ्यांवर हात घेतला आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले.

खोली शांत झाल्यावर भिंतीतून गोड आवाज आला.

"आपला प्रश्न समजला नाही."

"उत्तर हुतं ते," बानू म्हणाली.